बठनी की बठ्ठी?

माझ्या नाकावर राग असतो हे शिरपूरच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये मी निम्मं आयुष्य काढलं. कोणी माऊस आपटला की मी त्याला आपटतो, तोंडाने. पण एक गोष्ट अशी होती की तिच्याबद्दल बोलताना मी लोण्यासारखा मऊ व्हायचो. ती म्हणजे माझा डाउनलोड मॅनेजर.

हसू नका. ज्या काळात नेट गेलं की उतरत आलेली अख्खी फाईल वाया जायची आणि पहिल्यापासून रडगाणं सुरू करावं लागायचं, त्या काळात मी हे सॉफ्टवेअर लॅबमध्ये आणलं. ते एका फाईलचे आठ तुकडे करतं आणि आठही एकदम उतरवायला लागतं. आपल्याकडे आठ बाया आठ पाती, म्हणजे कपाशीच्या आठ ओळी, धरून कापूस वेचतात, तसंच. मध्येच लाईट गेली, नेट गेलं, तरी वेचलेलं वाया जात नाही. आल्यावर ‘रिझ्युम’ दाबायचं, थांबलं तिथून पुढे. नवीन प्राध्यापक म्हणायचे, आता नेट चांगलं आहे, कशाला ही जुनी भानगड? मी म्हणायचो, सर, तुम्ही नेटवर विश्वास ठेवा, मी रिझ्युमवर ठेवतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो बैल माझाच.

गोष्ट अक्काच्या लग्नाच्या कॅसेटची आहे. अक्का माझी मोठी बहीण, नरडाण्याजवळच्या गावात दिलेली. तिच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली. व्हिडिओ काढला होता, कॅसेट कपाटात पडून होती. ती लावायचं यंत्र धुळ्यात शोधलं, जळगावात शोधलं, कुठे धड मिळेना. आणि मागच्या वर्षी अक्काच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा अक्काला एकच ध्यास लागला. मायचं हळदीचं गाणं.

माय म्हणजे आमची आई. ती जाऊन बारा वर्षं झाली. हळद लावताना ती एक गाणं म्हणायची, त्यात प्रत्येक नात्याला एक कडवं असायचं. बापाचं, काकाचं, मामाचं, आणि शेवटी नवरीच्या भावाचं. बाकी कडवी ठरलेली, गावातल्या कोणत्याही बाईला पाठ. भावाचं कडवं मात्र माय दर लग्नात जागेवर जुळवायची, त्या त्या भावाला बघून. अक्काच्या लग्नात नवरीचा भाऊ मी. मायने माझ्यावर काय जुळवलं ते मी ऐकलंच नाही, कारण मी तेव्हा मांडवामागे बंद पडलेल्या जनरेटरशी भांडत होतो. अक्का सांगायची, ‘सगळा मांडव हसला रे. मग मायचे डोळे भरले. पण शब्द आठवत नाहीत. मी खाली मान घालून बसले होते ना.’

अक्काला ते कडवं हवं होतं. तिच्या पोरीच्या हळदीत, पोरीच्या भावासाठी म्हणायला. आणि मला? मला तर हवंच होतं. माय माझ्याबद्दल तोंडावर कधी चांगलं बोलली नाही. रागीट पोराची आई दुसरं काय बोलणार! गाण्यात काय म्हणाली, हे एकदा तरी कळायला हवं होतं.

सुरतेला आमचे नाना असतात. चुलतभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, अक्काच्या लग्नात पंगतीपासून बँडपर्यंत सगळं ज्यांनी सांभाळलं ते. त्यांनी तिकडे एक फोटो स्टुडिओवाला शोधून काढला. कॅसेट एवढी जीर्ण झाली होती की तो म्हणाला, एकदाच चालेल. एकदाच चालली. तिची फाईल झाली आणि टेप आतल्या आत तुटली. फाईल मोठी, फोनवर पाठवण्यासारखी नव्हती. त्याने लिंक दिली आणि सांगितलं, उतरवून घ्या, उतरली की सांगा, माझ्याकडे जागा कमी आहे, पुसायला लागेल.

कोणताही शहाणा माणूस काय करेल? एका रविवारी लॅब उघडेल, खुर्ची ओढून बसेल, आणि फाईल पूर्ण उतरल्याशिवाय उठणार नाही. मी काय केलं? डाउनलोड मॅनेजरमध्ये लिंक टाकली, वीसेक टक्के झाल्यावर पॉज केलं, कारण प्रॅक्टिकल सुरू झालं. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे, पुन्हा पॉज. अक्काचा रोज फोन. ‘झालं का रे?’ मी म्हणायचो, ‘अगं, कापूस वेचणं चालू आहे. आठ बाया लावल्यात. घाई करून कुठे जायचंय?’ ती हसायची. आज तिचं ते हसणं आठवलं की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. असे अकरा दिवस गेले, भो! अकरा दिवस मी माझ्या मायला पॉज करून ठेवलं होतं.

बाराव्या दिवशी त्रेसष्ट टक्क्यांवर फाईल थांबली. रिझ्युम दाबलं, हलेना. पुन्हा दाबलं, हलेना. घाबरण्यासारखं काही नव्हतं. लिंकची मुदत संपली होती, नवी लिंक टाकली की तिथूनच पुढे सुरू होणार होतं. एवढंच नानांना सांगायचं होतं. फाईल बसली आहे, नवी लिंक पाठवा.

आता इथे आमच्या बोलीचं थोडं सांगायला हवं. घरी आम्ही अहिराणी बोलतो, कॉलेजात मी पुस्तकी मराठी. नानांना माझ्या पुस्तकी बोलण्याचा भारी राग. दोनच दिवस आधी फोनवर त्यांनी मला झापलं होतं, ‘आमनासंगे पुस्तकी कसाले बोलस?’ आमच्याशी कशाला पुस्तकी बोलतोस, साहेब झालास का? म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम घरचं बोललो. आमच्याकडे बसणं म्हणजे बठणं. विहिरीवरची मोटर बंद पडली की ‘मोटर बठनी’ म्हणतात. आणि ‘बठ्ठी’ म्हणजे सगळी. समोरासमोर बोललात तर दोन्ही वेगळे ऐकू येतात. सुरतेच्या रस्त्यावर, गाड्यांच्या गोंगाटात, फोनवर?

लॅबमध्ये त्या वेळी माझ्यामागे प्रिंटर कागद चावत होता, दुसऱ्या दिवशी तपासणीला लोक येणार होते, आणि माझं डोकं आधीच तापलेलं.

‘काय व्हयनं फाईलनं?’ नानांनी विचारलं.

‘बठनी!’ मी म्हणालो.

‘बठ्ठी?’

‘हाव नाना, बठनी, सांगं ना!’ हो, सांगितलं ना.

‘बरं व्हयनं,’ नाना म्हणाले.

बरं झालं! इथे माझी फाईल बसली आणि हे म्हणतात बरं झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, म्हातारा टिंगल करतोय, इतके दिवस लावले म्हणून. मी फोन आपटला. ‘नवी लिंक धाडा’ हे पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. संध्याकाळी शांत झाल्यावर सांगू म्हटलं, मग तपासणीच्या गडबडीत राहून गेलं. फाईल कुठे पळून जाते, असंही वाटलं असेल. रिझ्युमवाला ना मी!

चौथ्या दिवशी फोन केला. नाना म्हणाले, ‘आते कसानी लिंक? तूच सांगं ना बठ्ठी! मी त्याले सांगी टाकं, पुसी टाक.’ आता कसली लिंक? तूच म्हणालास ना सगळी उतरली, मी त्याला सांगून टाकलं, पुसून टाक.

मी मग ओरडलो, ‘मी बठनी म्हणालो, नाना! बठनी!’

पलीकडे मागून रिक्षांचे आवाज तेवढे येत होते. मग नाना हळूच म्हणाले, ‘मना कान गयात, भाऊ.’ माझे कान गेले.

आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? ‘जाऊ द्या, नाना.’ जसा काही मीच त्यांना माफ करत होतो!

स्टुडिओवाल्याशी मी स्वतः बोललो. भला माणूस, त्याने बिचाऱ्याने दोन-तीन युक्त्या करून पाहिल्या. पण त्याच जागेवर दुसऱ्यांची लग्नं चढली होती. बैल गेला अन् झोपा केला.

माझ्याकडे उरली त्रेसष्ट टक्के. आठ पाती, प्रत्येक अर्धीमुर्धी वेचलेली. खटपट करून ती मी चालवली. पंगत दिसते, वरण-बट्टी वाढणारे नाना दिसतात, काळ्या केसांचे. मग हळद. माय दिसते. हिरवं लुगडं, हातात वाटी, आवाज खणखणीत. बापाचं कडवं होतं, काकाचं होतं, मामाचं होतं. मग माय मान वळवते, मांडवभर कोणाला तरी शोधते. मलाच, दुसऱ्या कोणाला? मी सापडत नाही तशी ती हसते, तोंड उघडते, आणि चित्र थांबतं. तिथून पुढची पात वेचायची राहिली होती. चित्र पुन्हा सुरू होतं तेव्हा अक्का गाडीत बसून रडते आहे.

अक्काला मी खरं सांगितलं नाही. ‘कॅसेटच तिथे तुटली होती, अक्का. जेवढी निघाली तेवढी निघाली.’ टेप तुटली हे खोटं नव्हतं, म्हणून ते जिभेवर सहज आलं. तिने फोनवर एवढंच विचारलं, ‘माझ्या लग्नात तुझं कडवं होतं रे, ते तरी?’ मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, ‘मग कॅसेटचा काय दोष, पंचवीस वर्षं झाली.’ नाना हे सगळं जाणून होते. तेही गप्प बसले. मला वाटलं, मला सांभाळून घेताहेत. नंतर कळलं, त्यांना वाटत होतं मी त्यांना सांभाळून घेतोय.

वैशाखात लग्न होतं. नाना सुरतेहून गाडीने आले, मी नरडाणा स्टेशनवर मोटरसायकल घेऊन गेलो. ते डब्यातून उतरले, माझ्याकडे बघून हसले, आणि उजव्या कानाला हात लावून म्हणाले, ‘देख, मशीन लाई लिधं.’

ऐकायचं यंत्र बसवून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, वयाच्या मानाने कान ठीक आहेत, थोडं कमी असेल. पण नानांनी हट्ट केला. आता पुन्हा कोणाचं चुकीचं ऐकायचं नाही, म्हणाले. मी पिशवी उचलली. अख्खा रस्ता ते मागे बसून बोलत होते, कोणत्या शेतात काय पेरलंय विचारत होते, आणि मी पाठीमागे न वळता हाव हाव करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. बायांनी मांडव भरला होता. नाना बसले होते त्यांच्या शेजारी मी बसलो, या वेळी जनरेटर-बिनरेटर काही बघायला गेलो नाही. अक्काने वाटी घेतली आणि मायचं गाणं धरलं. बापाचं कडवं झालं. काकाचं झालं. मामाचं आलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, कारण आता मामा मी. मग भावाचं. तिचा मुलगा समोर उभा होता, लाजून लाल झालेला. अक्काने तोंड उघडलं.

आणि थांबली. जुळवायचा प्रयत्न केला असेल, जुळलं नाही. बायाही थांबल्या, त्यांना वाटलं ती श्वास घेतेय. मांडव एकदम गप्प झाला.

नानांनी कानाला हात लावला. यंत्र काढलं, अंगठ्याने त्यावर टिचक्या मारल्या, पुन्हा घातलं. मग माझ्याकडे वाकून घाबऱ्या आवाजात म्हणाले, ‘मशीन बठनं का रे?’

आता मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यांच्या त्याच कानापाशी तोंड नेलं, हळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, ‘मशीन चालू शे, नाना. गाणं बठनं. तुमना कान चांगला शेतस, त्या दिवशी बी चांगला व्हतात. तुम्ही मला पुन्हा विचारलं, मी ऐकलं नाही, फोन आपटला. चूक मनी व्हती, माझी.’ अर्धं घरचं, अर्धं पुस्तकी, जसं आलं तसं.

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त अक्काकडे पाहिलं, ती वाटी हातात धरून अजून तशीच उभी होती, आणि मला विचारलं, ‘बठ्ठं सांगं का आते?’ सगळं सांगून झालं का आता?

या वेळी मला तो शब्द नीट ऐकू आला. मी ‘हाव’ म्हणू शकलो नाही. अक्काला सांगायचं अजून बाकी आहे.