अभ्यासिकेचे पाच कॉम्प्युटर

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकणाऱ्याकडे दोन गोष्टी साठत जातात: जुन्या वायरी आणि किस्से. वायरी बायको परस्पर फेकून देते, किस्से मात्र राहतात!

आम्ही तिघं. मी बँकेतला, प्रमोद हिंगणघाटात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, आणि सुनंदाताई बुद्धविहाराची अभ्यासिका सांभाळणाऱ्या. तिथले पाच जुने कॉम्प्युटर सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायचे. विहाराच्या अध्यक्षकाकांनी जाहीर केलं, "रविवारी भंगारवाल्याले बोलावतो." ताई हादरल्या. मुली तिथेच फॉर्म भरत, सराव परीक्षा देत. त्या प्रमोदला म्हणाल्या, "तुह्या त्या लिनक्सनं काही होत असन तं आताच कर, बाबू!"

*

पहिल्या कॉम्प्युटरवर लिनक्स झकास बसलं, पण वायफाय लागेना. प्रमोदने नवं अडॅप्टर आणलं. पण ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, कुठे? इंटरनेटवर!

"म्हणजे नेट लावाले आधी नेट पाह्यजे?" ताई म्हणाल्या. "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

प्रमोदने स्वतःचा मोबाइल वायरने जोडला आणि त्याच्या नेटवर ड्रायव्हर उतरवला.

*

मग प्रिंटर घ्यायला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ताई, कशावरबी चालते!" ताईंनी पर्समधून लिनक्सचा पेनड्राइव्ह काढला, त्याच्याच लॅपटॉपला लावून लिनक्स सुरू केलं आणि एकेक प्रिंटर जोडायला सांगितला. तो बिचारा घामाघूम! दोन प्रिंटर नापास झाले, तिसऱ्यातून कागद सरसर बाहेर आला.

दुकानदाराने आनंदाने त्याच मॉडेलचा सीलबंद खोका काढला. ताईंनी मान हलवली.

"तो नाई. हाच द्या. याची परीक्षा झाली."

*

दुसऱ्या कॉम्प्युटरची डिस्क लिनक्ससाठी पुसण्याआधी तिच्यात 'अतिशय महत्त्वाचे' नावाचं फोल्डर सापडलं. अध्यक्षकाकांचं! आम्ही दोन तास जीव मुठीत धरून त्याची कॉपी केली. आत काय? गुलाबाच्या फुलांवर लिहिलेलं 'शुभ सकाळ'. नऊशे वेळा!

*

रविवार उजाडला. भंगारवाला हातगाडी आणि काटा घेऊन दारात हजर. आत पाचही कॉम्प्युटर मिनिटभरात सुरू झाले, एक मुलगी तर फॉर्म भरायलाही बसली. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मला फार बरं वाटलं.

"दादा, वापस जा," ताई ऐटीत म्हणाल्या. "आमच्याकडं भंगार नाई."

भंगारवाला दारातूनच स्क्रीनकडे बघत होता. मग गाडीकडे गेला, पोतं बाजूला सारलं आणि धुळीने माखलेले तीन कॉम्प्युटर एकेक करून पायरीवर आणून ठेवले.

"देत नाई तं नोका देऊ, ताई. मंग हे तीन घ्या!"