वायरी कापलेलं पॅनल

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माणसांवरही बेताचाच आहे, आमच्या घरी कुणालाही विचारा. म्हणून हे लिहिताना जरा अवघडायला होतंय…

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वाशीला राहायचो आणि कारखान्यांतली जुनी कंट्रोल पॅनल काढून नवी इलेक्ट्रॉनिक बसवायचो. ठाणे-बेलापूर रोडवर, तळवलीजवळ, आंब्याचा रस डबाबंद करणारी एक फॅक्टरी होती. भरलेले डबे तिथे एका भल्यामोठ्या कुकरमध्ये वाफेवर तापवत. आतलं प्रेशर उतरलं की जुन्या पॅनलमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ‘खट्’ वाजायचा. ऑपरेटर काशिनाथ, तळवलीचाच, तो आवाज ऐकल्याशिवाय कुकरच्या दाराला हात लावत नसे.

आम्ही नवं पॅनल बसवलं. जुन्याच्या सगळ्या वायरी कापून ते कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलं. नवं पॅनल वाजत नाही, नुसता हिरवा दिवा लागतो, हे काशिनाथला नीट समजावलं.

पहिल्याच ट्रायलला हिरवा दिवा लागला. काशिनाथ जागचा हलेना.

“उघड की!” मॅनेजर म्हणाले.

“आवाज नाय झाला, सायेब.”

“तो आता होणारच नाही!”

“मंग मी पन उघडनार नाय.”

नोकरी जाईल या धास्तीने हा नवं पॅनल बदनाम करतोय, अशी माझी खात्रीच पटली. मॅनेजरनाही तोच संशय. “उघड, नाहीतर कायमचा घरी जा,” त्यांनी सांगून टाकलं. काशिनाथ पुटपुटत दारापाशी गेला. त्याचं नाटक मॅनेजरसमोर उघडं पाडावं म्हणून मी त्याला थांबवलं आणि दारावरचा, उरलीसुरली वाफ सोडायचा छोटा कॉक फिरवला…

वाफ किंचाळत बाहेर आली. आत प्रेशर होतं! दार उघडलं असतं तर तो जागच्या जागी भाजून निघाला असता.

वाफेचा आवाज बारीक होत होत थांबला. आणि कोपऱ्यातून – खट्.

आम्ही तिघांनीही ऐकलं. मी धावत जाऊन जुनं पॅनल उलटंपालटं केलं. मागे कोणी नाही, बॅटरी नाही, नुसती कापलेल्या वायरींची टोकं लोंबत होती. काशिनाथचे दोन्ही हात दाराच्या हँडलवर होते.

“आता उघडतो,” म्हणाला, आणि त्याने दार उघडलं. काही झालं नाही.

नव्या पॅनलच्या प्रेशर सेन्सरची वायर सैल होती, म्हणून दिवा चुकीचा लागला, ते लगेच सापडलं. पण जुन्याचं काय? मॅनेजरना वाटलं, मीच काहीतरी केलं. मला अधूनमधून अजून वाटतं, त्यांनीच केलं असेल. कसं, ते मात्र सांगता येत नाही. आजही नाही.

काशिनाथने लगेच पॅकिंगमध्ये बदली मागितली. मी म्हणालो, “अरे, वायर घट्ट केलीय. आता त्या दिव्यावर भरवसा ठेव.”

“दिव्यावर ठेवीन, सायेब,” तो म्हणाला. “तुमच्यावर नाय.”