दोन गाठींची फाईल

बाबतबाई तापल्या की काडेपेटीची गरज उरत नसे. कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. प्रत्येक फाईलीच्या पुठ्ठ्यावर कुणाचं, काय, कधी हे त्या स्वतः लिहीत आणि शेवटी ‘बाबत’ जोडत. त्यावरनंच हे नाव पडलं. नवऱ्याला घरी चिठ्ठी ठेवली तरी ‘नळ गळत असल्याबाबत’!

आणखी एक खोड होती. काम निकाली निघालं की फाईलीच्या नाडीला एक गाठ. तंटा बाकी असला तर दोन. “डोळे गेले तरी बोटं शोधतील,” म्हणायच्या.

लेकीच्या बाळंतपणाची पंधरा दिवसांची रजा संपवून त्या दप्तरखान्यात शिरल्या आणि दारातच थबकल्या. निळी रांग, हिरवी रांग, पिवळी रांग. पुठ्ठ्यांवर रंगीत कागद डकवलेले. त्यांवर ‘महत्त्वाचे’, ‘इतर’, ‘इतर दोन’.

“वरचे लोक पाहणीला येणार होते ना,” शिपाई कान खाजवत म्हणाला. “साहेब म्हणाले, सारख्या उंचीच्या एका रांगेत लावा. डोळ्यांना बरं दिसतं.”

“दप्तर आहे का कापडाचं दुकान, रे मुडद्या? आणि माझी नोंदवही?”

“ती... रद्दीत गेली. फाटली होती म्हणून साहेबांनी...”

बाईंच्या तोंडून जे निघालं ते कागदावर उतरवता येणार नाही. शिपाई टेबलामागे सरकला.

तेवढ्यात कचेरीच्या गाडीचा ड्रायव्हर धापा टाकत आला. महिन्यापूर्वी त्याची गाडी फाटकावर आदळली होती, आणि दोष त्याच्या माथी आला होता.

“ताई, तीनला माझी चौकशी आहे. ब्रेक लागत नाहीत म्हणून मी आधी अर्ज दिला होता. तो दाखवला नाही तर घरी बसवतील. साहेब म्हणतात, असा अर्ज आलाच नाही.”

“आलाच नाही? मी हातानं लावलाय तो!”

साडेबारा वाजले होते. बाईंनी पदर खोचला. चार हजार फाईली. कागद खरवडून नावं वाचत बसायचं तर दिवस मावळला असता. पण गाठींना कुणी हात लावला नव्हता. आत डोकावायचे कष्ट घेतो कोण! बाई रांगेरांगेने नाड्या चाचपत निघाल्या. एक गाठ, पुढे. एक, पुढे. दोन लागल्या की नखाने कागद ओरबाडायच्या, नाव बघायच्या आणि साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायच्या. नखातून रक्त आलं, तरी थांबल्या नाहीत.

पावणेतीनला ‘इतर दोन’च्या रांगेत दोन गाठी हाताला लागल्या. ‘गाडीचे ब्रेक नादुरुस्त असल्याबाबत, चालकाचा अर्ज.’ आवक शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी. आणि समासात साहेबांचं अक्षर: ‘तूर्त गाडी चालू द्यावी.’ खाली सही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मघापर्यंत त्यांना वाटत होतं, माणूस नुसता मूर्ख आहे.

चौकशीच्या खोलीत त्यांनी फाईल टेबलावर आपटली. साहेब हसले. “सापडली ना? उगीच गावभर आरडाओरडा!”

“सापडली नाही, साहेब. तुम्ही पुरली होती, मी उकरली. समास वाचा. अक्षर ओळखीचं वाटेल.”

चौकशी अधिकाऱ्याने समास मोठ्याने वाचला. साहेबांचं हसू ओठांवरच वाळलं. ड्रायव्हरने खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तो आता सोडला.

“चालकाचा दोष दिसत नाही,” अधिकारी म्हणाला. “साहेब, तुम्ही जरा थांबा.”

बाहेर ड्रायव्हर पाया पडायला वाकला. “वाकतोस कशाला, माझं काम होतं,” बाई त्याच्यावरही खेकसल्या. राग उतरला नव्हताच. जागेवर जाऊन त्यांनी कोरा पुठ्ठा घेतला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘दप्तराची नोंदवही साहेबांनी रद्दीत घातल्याबाबत.’

मग नाडी ओढली. एक गाठ मारली. दुसरी दातांनी आवळली.