धोंडाबाईचा वाटा

उत्रोलीतल्या चार घरांनी मिळून किकवीच्या बाजूहून पांढरं डुक्कर आणलं की वाटे घालायचं काम रखमाजीकडंच यायचं. तराजू त्याचा, सुरीही त्याचीच. बोलण्यात तो कच्चा. पण त्यानं घातलेल्या वाट्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

एका खेपेला त्याची चुलत भावजय धोंडाबाई लेकीकडं हिर्डोशीला गेली होती. म्हातारीला दात नाहीत, म्हणून रखमाजीनं तिच्यासाठी पाठीचं, बिनहाडाचं मांस काढलं, हौसेनं बारीक चिरलं आणि आपल्या फ्रीजमध्ये ठेवलं. त्याचा स्वतःचा वाटा म्हणजे मांडीचा हाडासकट सबंध तुकडा होता.

दोन दिवसांनी ती यायच्या आधी त्यानं पातेलं उघडलं. तुकडे गुलाबी पाण्यात बुडाले होते. वाईट दिसतं म्हणून त्यानं पाणी मोरीत ओतून दिलं.

धोंडाबाईनं पातेलं हातात तोललं. "भावजी, हलकं लागतंय."

"न्हाई वैनी, मोजून ठिवलंय."

"मग मोजा की परत."

मांसाचं पारडं वर गेलं ते खाली येईना. फ्रीजचं दार उघडंच होतं. आत रखमाजीचा तुकडा चांगला भरदार दिसत होता.

"तुमचं बरं आटलं न्हाई," ती म्हणाली.

रखमाजीनं घाईघाईनं आपल्यातलं कापून तिच्या पारड्यात टाकलं. दांडी सरळ झाली, आणि त्याचे कान तापले. पकडलेल्या चोरानं माल परत करावा, तसंच झालं होतं ते. त्याची बायको अंबूबाई ओट्याकडं तोंड करून उभी राहिली.

मांस म्हणजे दोऱ्यांची जुडी, हे त्याला सुरीनंच शिकवलं होतं. मांस गार पडलं की दोरे आकसतात, पाणी मधल्या फटींत उतरतं. आडवं बारीक चिरलं की त्या दोऱ्यांची तोंडं उघडी पडतात आणि पाणी गळतं. सबंध तुकड्यातून कमी गळतं. सगळं खरं होतं, पण दाखवायला पाणी कुठं होतं? त्यानंतर पारावर बसायलाही त्याला नको वाटू लागलं.

पुढच्या खेपेला त्यानं धोंडाबाईचा वाटा ताटलीत सबंधच ठेवला. तरी थोडं पाणी साचलंच. ती आली तेव्हा त्यानं ताटली तशीच पुढं केली.

"हे पानी कशाला दावताय?"

"मागल्या बारीला याहून लई व्हतं, वैनी. म्या वतून दिलं."

धोंडाबाईनं ताटली कलती करून पाणी एका कडेला आणलं.

"तवाच बोलायचं व्हतं की, भावजी. म्या पार हिर्डोशीपतूर सांगून आले."