घास उतरेना

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी भाकरी सोडली. मग भातावर आले, आणि तो भातही पातळ कालवून खाऊ लागले. मी वलवणहून तिकोणा पेठेला माहेरी गेले की विचारायचे. ते म्हणायचे, “दात न्हाईत आता. चावाय येत न्हाई.” दात खरंच पडले होते, त्यामुळे आम्हाला ते पटायचं.

चुलतभावाच्या साखरपुड्यात ते माझ्या शेजारी जेवायला बसले. पुरीचा एक घास घेतला, थांबले, डोळ्यांत पाणी आलं आणि उठून मांडवामागे गेले. मी गेले तेव्हा भिंतीला हात टेकून घास बाहेर काढत होते.

“कुठं अडकतं, आबा?”

त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. “हितं. लय दिस झालं. आईला सांगू नको.”

तळेगावच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “आजोबा, आधी काय अडायला लागलं? भाकरी की पाणी?”

“भाकरी. मग भात. आता च्या बी थांबून थांबून जातो.”

डॉक्टरांनी मला समजावलं. नसा किंवा स्नायू बिघडले तर बहुतेकदा पाणीसुद्धा सुरुवातीपासून अडतं. आधी घट्ट आणि मग पातळ, असं वाढत गेलं की अन्ननलिका अरुंद होत असते. कधी जुन्या पित्तानं, कधी गाठीनं. दुर्बीण घातली तेव्हा गाठच निघाली. तंबाखूचं त्यांनी विचारलं. आबांनी खिशातली पुडी काढून माझ्या हातात दिली.

ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं. अन्ननलिका उघडी राहावी म्हणून तिच्यात जाळी बसवली, तेव्हा काही आठवडे पेज आणि मऊ भात जाऊ लागला. मग तेही कमी झालं.

आई तेव्हा स्वयंपाकघरात दाराआड बसून जेवायची. एका दुपारी आबांनी तिला हाक मारली. “मला जात न्हाई म्हणून तू चोरून कशापायी खातीस? हितं बस माझ्याम्होरं.”

ती ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली. मान खाली घालून एकेक घास खात राहिली. आबा भिंतीला टेकून बघत होते. “मीठ कमी हाय का?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “न्हाई, बराबर हाय.”

आबा माघात गेले. शेवटी त्यांना थुंकीही गिळवत नव्हती. आई उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसत राहायची.