पाठ भिजू नये म्हणून

जळकोटहून लातूरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही एकजण उभाच होता. एप्रिलचं ऊन, आणि त्याच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला फिकट निळा शर्ट. दर थांब्याला तो खांदे हलवून कापड पाठीपासून सोडवायचा.

"बसा की, दादा."

"नको ताई. सीटला टेकलं की पाठ भिजती."

लातूरच्या एका खासगी कार्यालयात तो महिनाभराच्या बोलीवर काउंटरला लागला होता. गणवेशाचं कापड जाड, पंखा एकच आणि तोही साहेबांकडे. ओल्या शर्टाने पुन्हा गिऱ्हाइकासमोर दिसलास तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला काल बजावलं होतं.

अशा वेळेला लागणारं सगळं माझ्या पिशवीत असतं. मी घाम टिपायची मोठी सुती दस्ती काढली. "ही शर्टाच्या आतून पाठीवर घाला."

"घातली होती. साहेब म्हनले, कुबड कधी आलं?"

लातूरला उतरल्यावर तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. "जरा बघा की, ताई. खरं सांगा."

"तळहाताएवढं ओलं आहे."

"तळहाताएवढंच?" तो पहिल्यांदा हसला. "काल कमरेपोत्तर होतं."

मग घाम येऊ नये म्हणून तो भिंतीच्या सावलीतून अगदी हळू चालत निघाला. पुढच्या चौकात सावली संपत होती.