न निघालेल्या धुराचं वजन

करुणा नवी नवरी होऊन पवनीच्या कोष्टीपुऱ्यात आली, त्या वर्षीची गोष्ट. मागच्या खोलीत ती विणायच्या सुताच्या कांड्या भरत बसली होती आणि पुढे तिचे सासरे, भैयाजी, सूत पुरवणाऱ्या शेठजींशी कडाकडा भांडत होते. शेठजींचं म्हणणं, दिलेलं सूत आणि आणलेलं लुगडं तागडीत सारखं भरलं पाहिजे. भैयाजींचं म्हणणं, वीण पाहा, पोत पाहा.

"लुगडं नेसाचं रायते शेठजी, का तागडीत बसवाचं?" भैयाजी गरजले. "आज कपडा तोलून राहिले, उद्या धूरबी तोलाल!"

करुणानं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. सासऱ्याच्या भांडणात हसणारी सून म्हणून पुढे कितीक दिवस पुऱ्यात तिचं नाव निघत होतं.

पुढे हातमागच बंद पडले. त्यांची लाकडं वाळवीला गेली. करुणाचे केस पिकायला लागले तेव्हा शहरातला धूर कमी करायची काहीतरी योजना आली, आणि बचत गटातून तिला बॅटरीची रिक्षा मिळाली. पहिल्या दिवशी किल्ली फिरवली तर आवाजच नाही. बिघडली वाटतं, म्हणून तिनं मूठ पिळली, आणि गाडी सरळ शेजारच्या भाताच्या तणसाच्या ढिगात! भैयाजी दारातून ओरडले, "म्हैस हंबरते तरी व, हे त मुकीच आहे!"

मुकी होती, पण गुणाची. रोज पहाटे ती उतारावरून नदीच्या घाटावर जायची. तिथे सखाबाई आणि ढिवरांच्या बाया मासोळीचे टोपले घेऊन उभ्या असत. त्यांना घेऊन करुणा वर बाजारात यायची. आधी डिझेलचा ऑटोवाला यायचा, तो नाक दाबून, कुरकुरत, मागे काळा धूर सोडत.

यंदा हिवाळ्यात या योजनेचं माप काढायला रक्षा नावाची पोरगी आली, साताऱ्याकडची. ज्या गाड्या रिकाम्याच फिरतात आणि धूर फारसा वाचवत नाहीत, त्या काढून दुसऱ्या शहराला द्यायच्या, असं वर ठरलं होतं. गाडी गेली तर घरची चूल अडणार आणि घाटावरच्या बायाही.

"मावशी, मी धूर मोजायला आलेय," रक्षा म्हणाली.

"कोणता धूर जी? हे गाडी त धूर सोडतच नाही."

"तोच. जो निघाला नाही तो. किलोत काढायचा."

निघालेला धूर मुठीत धरवत नाही, आणि ही न निघालेला तोलणार! तिनं नदीवरच्या मोकळ्या आभाळाकडे पाहिलं. इतक्या पहाटा या रस्त्यानं गेली होती, पण तिथे जे नाही ते तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"बरं, सकाळचं सांगा," रक्षानं विचारलं.

"सकाळी गाडी खाली जाते, भरून येते."

रक्षानं फोनमध्ये टिपून घेतलं.

काही दिवसांनी सगळ्या गाड्यावाल्यांना सभागृहात बोलावलं. करुणाबरोबर सखाबाईही गेली. भिंतीवर मोठे आकडे उमटले. रक्षा कौतुकानं म्हणाली, "पहिला नंबर घाटाच्या गाडीचा. सकाळी प्रवासी घेऊन खाली घाटावर, आणि पुन्हा भरून वर!"

टाळ्या पडल्या. करुणा चक्रावली. पहाटे घाटावर जाणारे हे प्रवासी कोण? भुतं? मग डोक्यात उजेड पडला. शेजारी सखाबाईनं कोपर मारलं, "चूप राय ना व! भेटून राहिला नंबर, त घे."

चूप राहिली असती तर गाडी पक्की होती. पण भैयाजी शेठजींशी जन्मभर भांडले तरी माप वाढवायला त्यांनी तागडीला कधी बोट लावलं नव्हतं. करुणा उठली.

"बाई, आमच्या इकडे खाली म्हंजे रिकामी. सकाळी गाडीत मी एकटी, बाकी हवा."

सभागृह खदखदून हसलं. रक्षा आधी लाल झाली, मग तीही हसली. "अहो, आमच्याकडे खाली म्हणजे खाली!" पण तिनं दुरुस्ती केली तसा भिंतीवरचा आकडा सरसर उतरला, आणि घाटाची गाडी काढून घ्यायच्या गाड्यांत जाऊन बसली.

चूप राहायचा सल्ला देणारी सखाबाईच तडकली. "काहून जी, तो डिझेलवाला का वरात घेऊन येत होता? तोबी मुडदा खालीच ये, धूर सोडत सोडत!"

रक्षा थबकली. "थांबा हं. जुन्या ऑटोची ती रिकामी फेरी मी धरलीच नव्हती. म्हणजे तोही धूर वाचला की!"

आकडा पुन्हा चढला. पहिला नंबर बसस्टँडच्या गाडीकडे गेला, पण घाटाची गाडी घाटालाच राहिली.

घरी येऊन करुणानं भैयाजींच्या कानाशी सगळं सांगितलं.

"किती भरला म्हणते?"

"टनानं, मामाजी. तुमी जलमभर विणलेल्या लुगड्यांपेक्षा जास्त."

भैयाजी खाटेवर उठून बसले. "दिसत नाही, डोळ्याले लागत नाही, अन् एवढा भरला?" मग हळूच म्हणाले, "बरं झालं, शेठजी ऐकायले नाही राह्यले. नाही त आज तेच मले हसले असते."

ऊन कलल्यावर करुणा बाजारात गेली. रिकामा टोपला कमरेवर घेऊन सखाबाई वाटच पाहत होती. "आली का व, नंबर घालवणारी?" करुणानं तिला घाटावर उतरवलं. सीटवरचे खवले फडक्यानं पुसले, गाडी वळवली, आणि रोजच्यासारखी ती खालीच वर घेऊन आली.